पंधरा दिवस हात लावायचा नाही

गेल्या ऑगस्टमधल्या दुसऱ्या रविवारी, सकाळी अकराच्या सुमारास, नांदेडच्या एका शोभेच्या माशांच्या दुकानातून पाण्यात वाढणारी सहा रोपं विकत घेतली. रक्कम सातशे वीस रुपये, दिली मी. हजर माणसं तीन: दुकानदार, मी आणि लातूरहून आलेले माझे साडू. साडू हजर होते एवढंच. व्यवहाराकडे त्यांचं लक्ष नव्हतं. ते दुकानातल्या टाकीत बोट बुडवून चव बघत होते. नव्यानं आलेल्या कुठल्याही वस्तूची, रोपाची किंवा माणसाची इतकी काळजी करणारा माणूस मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत दुसरा सापडायचा नाही, असं मी लिहून द्यायला तयार आहे. आणि त्या काळजीपायी आजूबाजूच्या जुन्या माणसांचे इतके हाल करणाराही.

याला कारण त्यांची नोकरी. लातूरला दहावीनंतर गावोगावची मुलं शिकायला येतात आणि वसतिगृहांत राहतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. अशाच एका वसतिगृहाचे साडू अठ्ठावीस वर्षं रेक्टर. दर जूनमध्ये ऐंशी-नव्वद नवीन पोरं, त्यातली निम्मी पहिल्या आठवड्यात रडणार, पाव पोरं जेवण सोडणार, एखादं रात्री पेटी भरून बसणार. त्यावर साडूंचा एकच इलाज होता आणि तो त्यांनी स्वतः शोधून काढला होता: पंधरा दिवस. पंधरा दिवस आईवडिलांनी भेटायला यायचं नाही, खोली बदलायची नाही, खाट बदलायची नाही, कुणी समजूत घालायची नाही. "नवीन ॲडमिशनला हात लावला की ते हलतं," असं ते म्हणत. हा नियम वसतिगृहात चालला म्हणून त्यांनी तो सगळ्या सृष्टीला लावला. आमच्याकडे नवा फ्रीज आला तेव्हा त्यांनी फोन करून तो दोन दिवस रिकामाच चालवायला लावला. त्यांच्या स्वतःच्या घरात नवा कुकर आणला की तीन दिवस जुन्या कुकरशेजारी नुसता ठेवतात. नव्या चपला ते आठवडाभर घरातच घालतात, आणि बाहेर जाताना जुन्या. माझ्या मेहुणीनं, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, मला एकदा सांगितलं होतं, "भाऊजी, माझ्या लग्नानंतर पहिले पंधरा दिवस हा माणूस माझ्याशी एक शब्द बोलला नाही. मला वाटलं मुका नवरा बघून दिला की काय आईनं." 

तर ती सहा रोपं कशासाठी, ते सांगतो. आमच्या सासूबाई बिलोली तालुक्यातल्या एका खेड्यात राहतात. वय चौऱ्याहत्तर, आणि आजही शेतातलं रोप न् रोप त्यांच्या नजरेखालून जातं. जूनच्या शेवटी बांधावरून पाय घसरून त्यांच्या मांडीचं हाड मोडलं. नांदेडला ऑपरेशन झालं, आत सळई घातली आणि तिथून त्या आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरी आल्या. तीन आठवड्यांनी वॉकर धरून चालायचं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. सहा आठवडे झाले तरी सासूबाई उठेनात. भिंतीकडे तोंड करून पडून राहायच्या. वॉकरवर आम्ही टॉवेल वाळत घालू लागलो होतो. लेकीच्या घरी पाहुणा म्हणून चार दिवस ठीक, पण जावयाच्या घरात खाटेवर बसून खायचं, याची त्यांना मनापासून लाज वाटायची. दोन पोळ्यांची एक झाली, एकीची अर्धी. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "अजून महिनाभर अशा पडून राहिल्या तर पुन्हा उभं करणं माझ्या हातात नाही."

हे मी साडूंना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "त्यांच्या खिडकीतून काय दिसतं?" मी बघून सांगितलं: समोरच्या इमारतीची भिंत, एक पाइप, दोन कबुतरं. "हिरवं काही?" "पाइपाला शेवाळ आहे." साडू म्हणाले, "बघा साडूभाऊ, आयुष्यभर हिरवं बघितलेला माणूस आहे तो. मी रविवारी येतो." आणि खरोखरच रविवारी पहाटेच्या एस.टी.नं, दोन फूट लांबीची काचेची टाकी तीन तास मांडीवर धरून, ते लातूरहून आले. टाकी दोन फूट बाय एक बाय एक, म्हणजे काठोकाठ भरली तर छप्पन्न लिटर. मला वाटलं आता मासे घेऊ. साडू म्हणाले, मासे नंतर. आधी झाडं लागू द्या. त्यामुळे पुढचा दीड महिना आमच्याकडे येणारा प्रत्येक माणूस टाकीसमोर वाकून "मासे कुठं आहेत?" असं विचारत होता आणि मी "अजून यायचे आहेत" असं सांगत होतो.

दुकानात साडूंनी दुकानदाराची मुलाखत घेतली. रोपं कुठून आली, किती दिवस झाले, प्रवासात किती तास होती. शेवटी म्हणाले, "ही पाण्यात वाढलीत का हवेत?" दुकानदार हसला आणि म्हणाला, "सर, बरोबर पकडलं. नर्सरीत फक्त मुळं ओली ठेवतात, झाड वर हवेतच असतं. तसं लवकर वाढतं." बाहेर आल्यावर साडूंनी मला समजावलं की हवेत वाढलेली पानं पाण्याखाली टिकत नाहीत. ती आधी पिवळी पडणार, मग काचेसारखी पारदर्शक होणार, मग विरघळणार. झाड मेलं असं समजून लोक ते फेकून देतात. पण मुळं जिवंत असली तर आतून पाण्यातली नवी पानं येतात. "गावाकडून आणलेले कपडे असतात ते," साडू म्हणाले. "ते फाटल्याशिवाय पोरगा नवे घालत नाही."

रोपांची इंग्रजी नावं मला पाठ होईनात, म्हणून मी दिसण्यावरून ठेवली: दोन पालक, तीन पात आणि एक आलं. आलं म्हणजे जाड पानांचं, बुडाशी आडवी गाठ असलेलं. घरी आल्यावर साडूंनी आधी सगळ्यांची तपासणी केली. वसतिगृहात नव्या पोरांच्या डोक्यातल्या उवा बघतात, तशा पानांखाली गोगलगायीच्या अंड्यांचा शोध घेतला. मग लाल औषधाच्या गुलाबी पाण्यात दहा मिनिटं बुडवून ठेवली, ती माझ्या पत्नीच्या पोळ्यांच्या परातीत. परातीला जो तपकिरी डाग पडला तो अजून आहे. पाण्याची वेगळीच गोष्ट. लातूरच्या माणसाला पाण्याचा आदर असतो, कारण नळाला ते कधी येईल याचा भरवसा नसतो. साडूंकडे आंघोळीचं पाणी फरशीला आणि फरशीचं पाणी कढीपत्त्याला जातं. नांदेडला रोज पाणी येतं याचा त्यांना संशय वाटतो. "रोजच्या पाण्यात औषध जास्त असतं. एक दिवस झोपू द्या त्याला," असं म्हणून त्यांनी आदल्याच दिवशी फोन करून आमच्या घरातल्या आठपैकी सात बादल्या भरून ठेवायला लावल्या होत्या. आठवी गळकी होती. त्या रविवारी मी पातेल्यानं आंघोळ केली.

टाकी खाटेजवळ ठेवायची होती, पण छप्पन्न लिटर पाणी आणि वाळूचं वजन पेलणारं टेबल घरात एकच, आणि ते बैठकीत विजेच्या बटणाजवळ. सासूबाईंच्या खाटेवरून दारातून टाकीचा डावा कोपरा तेवढा दिसे. साडूंनी त्या कोपऱ्यात पालक लावला. सासूबाईंनी एकदा मान वळवून पाहिलं. त्या जावयांशी थेट बोलत नाहीत, दोन्ही जावई समोर आले की पदर डोक्यावर आणि शब्द लेकीमार्फत. साडूंच्या लग्नाला सव्वीस वर्षं झाली, तेवढ्या काळात त्यांच्याशी सरळ एक वाक्य बोलल्याचं आठवत नाही. त्या माझ्या पत्नीला म्हणाल्या, "काय करून राहिले गं ते? पाण्यात भाजी लावून राहिले?" पत्नीनं "हाव" म्हणून होकार दिला. सासूबाई पुन्हा भिंतीकडे वळल्या.

जाण्याआधी साडूंनी नियम सांगितले. टाकीवरचा दिवा रोज सहाच तास, बारा ते सहा. पहिल्या पंधरवड्यात अभ्यास कमी. पंधरा दिवस कुठल्याही रोपाला हात लावायचा नाही, पडलेलं पानसुद्धा काढायचं नाही. आणि रोज रात्री आठ वाजता हजेरी: सहाही रोपांची पानं मोजून आकडा त्यांच्या मोबाइलवर पाठवायचा. दुसरा कुणी असता तर हसला असता. मला मोजायची सवय आहे, त्यामुळे मी वही केली. पहिला दिवस, चौऱ्याण्णव. तिसरा दिवस, नव्वद. पाचवा दिवस, अठ्ठ्याहत्तर. साडूंचं उत्तर रोज एकच यायचं: "अपेक्षित." सहाव्या दिवशी मी एक्क्याऐंशी कळवले, तेव्हा लगेच फोन आला. "साडूभाऊ, गळतीच्या काळात तीन पानं वाढतात कशी? परत मोजा." परत मोजली. एकाहत्तर होती. 

आल्याच्या रोपाचं एक सांगायचं राहिलं. त्याला पुरायचं नाही, नुसतं दगडाला दोऱ्यानं बांधायचं, असा साडूंचा सक्त निरोप होता. दोरा आणि दगड मिळेपर्यंत ते टाकीत तरंगत ठेवलं होतं. दुसऱ्याच दिवशी, सोमवारी, पत्नी ते बांधायला घेऊन बसली आणि खाटेवरून सासूबाईंना दिसलं. "आण बरं इकडं," त्या म्हणाल्या. हातात घेऊन, बुडाची गाठ अंगठ्यानं दाबून त्यांनी निकाल दिला: "हळकुंड हाय की हे. दगडाला कामून बांधायचं? खाली पुर चार बोटं." आमच्या भागात हळद किती होते ते सांगायला नको, आणि सासूबाईंनी चाळीस वर्षं ती लावलेली. पत्नीनं एका बाजूला आई आणि दुसऱ्या बाजूला बहिणीचा नवरा असा विचार केला आणि ते चार बोटं खाली पुरलं. सहा आठवड्यांत सासूबाईंनी स्वतःहून काही सांगितलं ते हे पहिलं, म्हणून मीही बोललो नाही. त्या दिवशी त्यांनी दीड पोळी खाल्ली.

पुढच्या रविवारी, म्हणजे आठव्या दिवशी, साडू आले, टाकीत वाकले आणि त्यांनी वास घेतला. आल्याची पुरलेली गाठ निम्मी सडून मऊ झाली होती. साडू रागावले की आवाज खाली जातो. अगदी हळू म्हणाले, "ताई, हे पुरलं कुणी?" आतून सासूबाईंचा आवाज आला, "त्येंला म्हण, मी सांगितलं." साडूंनी लगेच "नाही नाही, होतं असं, प्रत्येक गाठ हळद नसते एवढंच," असं म्हटलं आणि चांगला अर्धा तुकडा कापून, दोऱ्यानं दगडाला बांधून टाकीत सोडला. पण सासूबाईंनी ऐकायचं ते ऐकलं होतं. जन्मात त्यांच्या हातून रोप सडलं नव्हतं. त्यांनी तोंड फिरवलं, आणि त्यानंतर तीन दिवस पोळी पुन्हा अर्धीवर.

दहावा दिवस, बावन्न. बारावा, अडतीस. टाकीत पानांचा नुसता काला झाला. पाणी आधी चहासारखं आणि मग काढ्यासारखं दिसू लागलं. कुजलेली पानं काढू का, असं मी तीनदा विचारलं, तिन्ही वेळा उत्तर आलं, "हात लावू नका. अपेक्षित." तेराव्या दिवशी सासूबाई भिंतीकडे बघतच पत्नीला म्हणाल्या, "कांद्याचं रोप लावताना शेंडा छाटतात. नव्या जागी मुळी धरंस्तोवर एवढं पान पोसवत न्हाई. त्येंला सांग." पत्नीनं फोनवर सांगितलं. साडू म्हणाले, "ताई, आईंना म्हणावं, अठ्ठावीस वर्षांचा अनुभव आहे."

तिसऱ्या रविवारी साडू आले तेव्हा पंधरावा दिवस होता. तो संध्याकाळी सहाला, दिवा बंद होताना पूर्ण होणार, असा त्यांचा हिशेब. आदल्या रात्रीची हजेरी सव्वीस, त्यातली निम्मी अधांतरी. ते खुर्ची घेऊन टाकीसमोर बसले, चहा गार झाला तरी उचलला नाही. मी विचारलं, "हेही अपेक्षित का?" त्यांनी मान हलवली. "नाही. इतकं नाही." थोड्या वेळानं ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "एक पोरगं होतं साडूभाऊ, इस्लापूरकडचं. बाराव्या दिवशी त्याचा बाप आला होता, ज्वारीची भाकरी घेऊन. मी गेटवरूनच परत पाठवला. अजून तीन दिवस आहेत म्हटलं. रात्री पोरगं पळून गेलं. परत आलंच नाही." मी म्हटलं, "मग काय झालं त्याचं?" "काय व्हायचंय, मोबाइलचं दुकान आहे. चांगलं चालतं. मला कव्हर फुकट देतो. पण मार्क चांगले होते हो त्याला. भाकरी खाऊ द्यायला पाहिजे होती."

तेवढ्यात आतून काहीतरी खाली पडल्याचा आवाज झाला. मी उठलो. दारात बघतो तर खाली तीन टॉवेल पडलेले, आणि सासूबाई वॉकर धरून उभ्या. पत्नी धावली, तर तिला म्हणाल्या, "सर बाजूला." खाटेपासून टाकीपर्यंत अकरा पावलं आहेत. त्या दिवशी त्यांनी ती एकोणीस पावलांत पार केली, मधे एकदा थांबून. टाकीशी पोहोचल्या, पाण्यात बघितलं, पदर सरकला होता तो सावरलाही नाही, आणि सव्वीस वर्षांत पहिल्यांदा साडूंकडे तोंड करून सरळ म्हणाल्या,

"पाव्हणं, कात्री द्या."

साडूंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. पंधरा दिवसांना सहा तास पन्नास मिनिटं कमी होती. त्यांनी कात्री दिली.

सासूबाईंनी खुर्चीवर बसून, कोपरापर्यंत हात बुडवून, एकेक रोप छाटलं. पिवळं गेलं, काचेसारखं झालेलं गेलं, धडधाकट दिसणारी जुनी पानंही त्यांनी ठेवली नाहीत; मधला कोंब तेवढा सोडला. साडू परात धरून शेजारी उभे होते आणि प्रत्येक पान पडलं की त्यांचा चेहरा बघवत नव्हता. "आई, हे तर हिरवं आहे," ते एकदा म्हणाले. "हिरवं हाय, पण तुमच्या पाण्याचं न्हाई," सासूबाई म्हणाल्या. मग दगडाला बांधलेलं आलं हातात घेऊन बराच वेळ बघितलं. बांधलेल्या बाजूनं एक पांढरी मुळी दगडाला चिकटली होती. "हे कसं बांधलं, दावा बरं," त्या म्हणाल्या. साडूंनी दोरा सोडून परत बांधून दाखवला. सासूबाईंनी मान डोलावली. "हे तुमचं बरोबर हाय. आमच्यात असं रोप न्हाई." निम्मं पाणी बदललं. त्या रात्रीची हजेरी मी कळवली: चार.

सोमवारी सकाळी मी उठलो तेव्हा सासूबाई टाकीसमोर खुर्चीवर बसलेल्या होत्या. वॉकर शेजारी, टॉवेल कपाटात. पत्नीनं विचारलं तर म्हणाल्या, रोप लावलं की सकाळी बघावं लागतं. मंगळवारी तेरा पावलं लागली, शुक्रवारी अकरा. छाटणीनंतर नवव्या दिवशी पालकाच्या कोंबातून एक पान आलं, जुन्या पानाहून पातळ आणि फिकट, पाण्याबरोबर हलणारं. माझ्याआधी त्यांनी बघितलं होतं. सासूबाई मोजायला शिकल्या नव्हत्या असं नाही, पण आकडा त्या मला तोंडानं सांगत नसत. रात्री आठ वाजता बोटं दाखवायच्या. साडू आणखी दोन रविवार आले. दोन्ही वेळा त्या दोघांनी टाकीसमोर खुर्च्या टाकल्या आणि चार चार तास फारसं न बोलता बसून राहिले. सप्टेंबरच्या मध्याला डॉक्टरांनी त्यांना चालवून बघितलं, वॉकर सोडून काठी दिली आणि गावी जायला परवानगी दिली. त्या रात्री टाकीत एकोणचाळीस पानं होती.

सासूबाईंना पोहोचवायला गाडी ठरवली आणि सोबत जायला साडू लातूरहून आले. सकाळी पत्नी डबा भरत होती, मी तिथं उभा होतो. ती हळू आवाजात म्हणाली, "तुम्हाला माहीत आहे का? वसतिगृह मे महिन्यातच बंद झालं. मालकानं इमारत विकली. यंदा नवीन पोरं आलीच नाहीत. भाऊजींनी कुणाला सांगितलं नाही, काल आईशी फोनवर बोलताना माझ्या धाकट्या बहिणीच्या तोंडून निघालं." मी बैठकीत बघितलं. साडू टाकीसमोर वाकून सासूबाईंना सांगत होते की आता मासे आणायला हरकत नाही, पण पहिल्यांदा दोनच, आणि आल्यावर त्यांना कुणी हाका मारायच्या नाहीत.

निघताना सासूबाईंनी कमरेची पिशवी सोडली. साडूंना म्हणाल्या, "हात पुढं करा." त्यांनी केला. शंभराच्या तीन नोटा त्यावर ठेवून त्या म्हणाल्या, "लावणीची रोजी हाय. आमच्याकडं बायांना हाच दर हाय यंदा." साडूंनी नोटा मोजल्या. मग नेहमीच्या आवाजात म्हणाले, "आई, मी पाच रविवार आलोय." सासूबाईंनी पिशवीची नाडी आवळली. "एकच दिवस रोप लावलं. बाकीचे दिवस नुसतं बघत बसलात. बघत बसायची रोजी आमच्यात कुणी देत न्हाई." साडूंनी नोटा एकावर एक सरळ केल्या, घडी घातली, आणि शर्टाच्या वरच्या खिशात ठेवून खिशाचं बटण लावलं. तीनशे रुपये, रोख.